सिद्धगडाच्या पायथ्यापासून काळ्या घोड्यापर्यंत

पावसाळा सुरू झाला कीं दर शनिवारीं व रविवारीं आमच्या मुरबाड तालुक्याचे रस्ते मुंबईकरांनीं गजबजून जातात. पाठीवर पिशव्या आणि पायांत जाड बूट अशा वेषांत तरुण-तरुणींच्या टोळ्या सिद्धगड चढावयास निघतात. भाई कोतवाल व हिराजी पाटील यांनीं २ जानेवारी १९४३ या दिवशीं जेथें हौतात्म्य पत्करलें ती भूमि पाहावी, धबधब्याखालीं भिजावें, भीमाशंकराच्या अरण्याचा वारा प्यावा आणि सोमवारीं पुनः कचेरींत रुजू व्हावें, असा त्यांचा क्रम असतो. शहरच्या माणसानें दोन दिवस डोंगरांत काढण्याची ही चाल उत्तमच आहे. परंतु तिची दुसरी बाजू आमच्याकडील घरांतून कोणी मनावर घेतलेली दिसत नाहीं. डोंगराकडील माणसानें दोन दिवस शहरांत काढावे, आणि तेहि दवाखाना, कोर्टाची तारीख किंवा लग्नाचा बस्ता यांकरितां नव्हे, तर केवळ डोळ्यांच्या व कानांच्या संस्काराकरितां, ही कल्पनाच पुष्कळांस चैनीची वाटते. प्रस्तुत लेखांत आम्ही तिचाच विचार करणार आहों.

या विचारास निमित्त झालें तें असें. आमच्या निकट परिचयाचें एक एकत्र कुटुंब आहे. आजी, दोघे चिरंजीव, सुना, नातवंडें व एक आत्या मिळून घरांत बारा-चौदा पानें पडतात. घर गाण्याचें षोकी. देवघराशेजारीं तंबोरा उभा आहे व गुरुपौर्णिमेस गाणें झाल्यावांचून राहत नाहीं. अशा घरांतील महाविद्यालयांत शिकणारा थोरला नातू कांहीं वर्षांपूर्वीं “कल्याणास मित्राकडे अभ्यासाला जातों” असें सांगून निघाला, आणि गेला तो थेट मुंबईस, रॉक संगीताच्या जलशाला. परततांना त्याची शेवटची गाडी चुकली, खिशांतील फोनची वीज संपली, आणि सारी रात्र त्यानें ठाण्याच्या फलाटावर बसून काढली. इकडे मित्राच्या घरीं चौकशी केली तों तो तेथें आलाच नव्हता असें कळलें. त्या रात्रीं त्या घरांत कोणाच्याहि डोळ्याला डोळा लागला नाहीं. वडील व काका कल्याणपर्यंत दोनदां हेलपाटे घालून आले.

सकाळीं मुलगा सुखरूप परतला. काका संतापले, आई रडली, वडील बोललेच नाहींत. सर्वांचें सर्व झाल्यावर आजींनीं एकच प्रश्न विचारला : “गाणें ऐकायला जाण्यासाठीं या घरांत खोटें कां बोलावें लागलें?”

या प्रश्नाचें उत्तर कोणापाशींहि नव्हतें. मुलाचा अपराध होताच, व त्याबद्दल त्याला बोल लावण्यांत आलाच. परंतु ज्या घरांत तंबोऱ्याला नमस्कार होतो त्याच घरांत मुलाच्या गाण्याला “धांगडधिंगा” हा एकच शब्द ठरलेला असेल, तर तें गाणें घराबाहेर जाणार, आणि गाण्यामागून मुलगाहि जाणार, हें आजींनीं अचूक ओळखलें होतें. पुढील वर्षीं त्या घरानें आपलें उत्तर कृतीनें दिलें. लहान-थोर मिळून सात माणसें दोन दिवसांसाठीं एकत्र मुंबईस गेलीं, आणि स्नेहामुळें त्यांनीं आम्हांसहि बरोबर नेलें. त्या दोन दिवसांची आंखणी कशी केली, तींत काय साधलें, हें इतर कुटुंबांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहों.

प्रथम आक्षेपाचा विचार करूं. रॉक हें संगीतच नव्हे, असें आमच्या पिढींतील पुष्कळांचें मत आहे. असें मत देतांना थोडा इतिहास आठवावा. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, तेव्हां सभ्य घरांतील मुलामुलींनीं गाणें शिकणें हें लौकिकास बाध आणणारें मानीत असत. आज त्याच घरांतून मुलीच्या शास्त्रीय गायनाच्या परीक्षांचीं प्रमाणपत्रें भिंतीवर लागतात. बाजाच्या पेटीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. विलायतेकडून आलेलें हें वाद्य आमच्या रागदारीस मारक आहे, असें ठरवून आकाशवाणीनें तिच्यावर १९४० सालीं बंदी घातली, व ती १९७१ सालापर्यंत चालली. आज पेटीवांचून कीर्तन उभें राहत नाहीं. यावरून नवें तेवढें सर्व चांगलें, असें आम्ही म्हणत नाहीं. न ऐकतां दिलेला निकाल टिकत नाहीं, एवढेंच म्हणतों.

आतां हें रॉक म्हणजे काय तें पाहूं. भरतमुनींनीं वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. रॉकच्या मंचावर यांपैकीं पहिले तीन तर समोरच दिसतात : गिटार हें तत, कातड्याने किंवा पडद्यानें मढविलेले ढोल हे अवनद्ध, आणि त्यांच्या बाजूस टांगलेल्या पितळी झांजा हें घन. नवीन काय तें विजेचें काम. विजेच्या गिटारीच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक व तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. तार कंप पावली कीं वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, व तो वाढवून कर्ण्यांतून बाहेर टाकतात. हा प्रवाह मर्यादेबाहेर वाढविला म्हणजे ध्वनिलहरींचे माथे कापले जाऊन आवाजास एक खरखरीत धार येते. पुष्कळ वडील मंडळी याच खरखरीवर रुष्ट असतात. परंतु आपण तंबोऱ्याच्या घोडीवर रेशमाचा दोरा सरकवून जवारी काढतों, ती तरी काय असते? मूळ स्वरावर वरचे सहस्वर चढवून नादाला भरदारपणा आणण्याचीच ती युक्ति आहे. साधन निराळें व प्रमाण निराळें. हेतु मात्र परका नाहीं.

या संगीताचें मूळ अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांच्या ‘ब्लूज’ नांवाच्या गाण्यांत आहे. शेतांवर राबणाऱ्या, एके काळीं गुलाम असलेल्यांच्या वंशजांनीं आपलें दुःख व आपली थट्टा त्या गाण्यांत ओतली. १९५० च्या सुमारास त्यांतूनच रॉक उदयास आलें. आमच्या डोंगरांतील ठाकर वस्त्यांवर ढोलाच्या ठेक्यावर फेर धरून रात्र जागविली जाते, तेव्हां श्रमणाऱ्या माणसाचा जो आवेश दिसतो, त्याच जातीचा तो आवेश आहे. आणि हें सारें आपल्यापासून दूरचें आहे असेंहि नाहीं. बीटल्स या इंग्रज मंडळींतील जॉर्ज हॅरिसन हे १९६६ सालीं पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकले, व जानेवारी १९६८ मध्यें मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत भारतीय वादकांना घेऊन त्यांनीं मुद्रण केलें. लेड झेपेलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट यांनींहि १९७२ सालीं मुंबईच्या वादकांबरोबर मुद्रण केलें. क्वीन या मंडळीचे जगद्विख्यात गायक फ्रेडी मर्क्युरी हे मूळचे पारशी. त्यांचें शालेय शिक्षण आमच्या सातारा जिल्ह्यांतील पांचगणीस झालें, आणि पहिली गाणारी टोळी त्यांनीं तेथेंच शाळेंत असतां जमविली.

मुंबईंत या संगीताची स्वतःची परंपरा आहे. १९८६ सालीं ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला, व धोबी तलावाजवळील रंगभवनाच्या उघड्या प्रेक्षागृहांत तो वर्षानुवर्षें गाजला. पुढें २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्या सभोंवतीं शंभर मीटरांचा शांतताप्रदेश ठरला, आणि रुग्णालयांच्या सान्निध्यांत असलेल्या रंगभवनांतील जलसे बंद पडले. रसिकांस हळहळ वाटली हें खरें. तथापि शेजारीं रोगी निजलेला असतां आपलें गाणें आवरावें, हा नियम कोणत्याहि धर्मशास्त्रास मान्य होईल असाच आहे. पुढें वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओंत २०११ पासून ब्लूजचा महोत्सव होऊं लागला, आणि महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर जानेवारी २०२३ मध्यें ‘लोलापलूझा’ हा मूळचा अमेरिकन महोत्सव प्रथम भरला. यांचीं तिकिटें हजारांच्या घरांत असतात. ज्यांस तें परवडत नाहीं त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. काळा घोडा भागांत १९९९ पासून दरवर्षीं थंडीच्या अखेरीस नऊ दिवसांचा कलामहोत्सव भरतो, त्याला प्रवेशमूल्य नसतें. एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर व क्रॉस मैदानावर त्याचे संगीताचे कार्यक्रम झालेले आहेत, आणि त्यांत कथ्थकपासून गिटारीपर्यंत सर्व कांहीं असतें.

कोणी विचारील, गाणें ऐकावयाचें तर ऐकून यावें, त्याला चित्रांची जोड कशाला? याचें उत्तर आमच्या पूर्वजांनींच देऊन ठेवलें आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तृतीय खंडांत वज्र राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ति घडविण्याची विद्या विचारतो. ऋषि सांगतात कीं चित्रविद्येवांचून मूर्तिविद्या कळावयाची नाहीं. नृत्यावांचून चित्र, वाद्यावांचून नृत्य आणि गीतावांचून वाद्य कळावयाचें नाहीं. अर्थात् जो मूर्तीकडे निघाला त्याला गीतापासून आरंभ करावा लागतो. मग शनिवारीं गीत-वाद्य ऐकून रविवारीं चित्र व मूर्ति पाहावयास जाणें, याहून शास्त्रोक्त क्रम तो कोणता?

आतां प्रत्यक्ष आंखणी. ऋतु माघाच्या आगेमागें, जानेवारी अखेर ते फेब्रुवारी, हा घ्यावा. हवा बरी असते, बहुतेक महोत्सव याच दिवसांत येतात, व मुलांच्या वार्षिक परीक्षाहि अगदीं उंबरठ्यावर नसतात. तारखा महिनाभर आधीं पाहून घ्याव्या, कारण त्या दरवर्षीं बदलतात. आपला प्रवास मुरबाडाहून कल्याणपर्यंत एस.टी.नें व पुढें लोकलनें. शनिवारीं सकाळची एस.टी. धरून दुपारच्या जेवणास दादरास पोहोंचावें. रात्रीचा मुक्काम मुंबईंतच ठेवावा, हा या आंखणीचा मुख्य खांब होय. जलसा नियमाप्रमाणें रात्रीं दहास संपला तरी गर्दींतून बाहेर पडून स्टेशन गांठण्यास तास सहज जातो. कल्याण येईपर्यंत मध्यरात्र होते, आणि त्या वेळीं मुरबाडकडे एस.टी. मिळेल या भरंवशावर राहूं नये. त्या मुलाची जी रात्र फलाटावर गेली, ती या हिशोबाच्या अभावींच. आप्तांचें घर असल्यास उत्तम. नसल्यास खोली आधीं ठरवून ठेवावी. महालक्ष्मीहून दादर पश्चिम रेल्वेनें जवळ, म्हणून तो मुक्काम सोयीचा.

जलशास सर्वांनीं जाण्याचें कारण नाहीं. आमच्या मंडळींपैकीं चौघे तरुण, काका व आम्ही असे सहा जण गेलों. आजी दादरास बहिणीकडे राहिल्या. जागेवर पोहोंचतांच चुकल्यास भेटण्याचें एक ठिकाण ठरवावें, कारण गर्दींत फोन लागत नाहींत. सर्व फोन पूर्ण भरून घ्यावे. परतीची वेळ एकच व ती सर्वांना बंधनकारक. अशा ठिकाणीं मद्याचीं दुकानें असतात हें लपविण्यांत अर्थ नाहीं. त्याविषयीं घरींच, निघण्यापूर्वीं, स्पष्ट शब्दांत बोलावें. तेथें जाऊन डोळे वटारूं नयेत. आमच्या तरुणांनीं दिलेला शब्द पाळला, आणि शब्द मागितला होता म्हणूनच तो पाळतां आला.

कानांची काळजी ही मात्र चेष्टेवारी नेण्याची गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं अशा कार्यक्रमांसाठीं ध्वनीची सरासरी मर्यादा शंभर डेसिबल ठरविली. मोठ्या आवाजाचें गणित असें आहे कीं दर तीन डेसिबलांस ध्वनीची शक्ति दुप्पट होते. म्हणून पंच्याऐंशी डेसिबल आठ तास सोसणारा कान शंभर डेसिबल पाव तासच निर्धास्तपणें सोसूं शकतो. यास्तव कर्ण्यांच्या भिंतीपासून दूर, मैदानाच्या मागल्या अर्ध्या भागांत उभें राहावें, मधून मधून बाहेर यावें, आणि औषधाच्या दुकानांत मिळणारीं स्पंजाचीं कानबोळीं सर्वांनीं वापरावीं. साधा कापूस पुरत नाहीं. लहान मुलांस तेथें नेऊं नये.

आणि ऐकावें कसें? आम्ही असें केलें. पहिला अर्धा तास कांहींच ठरविलें नाहीं. आवाज कानांपेक्षां छातीवर आदळतो, तेव्हां मन आधीं गोंधळतेंच. मग आम्हीं हातावर मात्रा धरल्या. चार-चार मात्रांचे खंड स्वच्छ लागूं लागले, आणि सोळा मात्रांवर वाक्य पूर्ण होतांना त्रितालाची सम गवसल्यासारखें झालें. खर्जाच्या गिटारीचा धागा हातीं लागल्यावर तर त्या गोंगाटास पाया आहे हें निश्चित कळलें. सर्वच आवडलें असें नाहीं. कांहीं गायकांचें ओरडणें आम्हांस ओरडणेंच वाटलें, व तें आम्हीं मुलांस तसेंच सांगितलें. परंतु मध्येंच एक जण एकटी गिटार घेऊन विलंबित लयीनें गाऊं लागला, आणि तीं हजारों तरुण माणसें क्षणांत निःशब्द झालीं. बैठकीच्या गाण्यांतहि अशी शांतता आम्हीं थोड्याच वेळां अनुभवली आहे. काकांनीं तेव्हां पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला व “हें गाणें कोणाचें रे?” म्हणून विचारलें. घरीं वर्षभर जें संभाषण होऊं शकलें नव्हतें, त्याचा आरंभ त्या प्रश्नानें झाला.

रविवार चित्रांचा. सकाळीं सावकाश उठून साडेदहाच्या सुमारास काळ्या घोड्याकडे जावें. येथें पूर्वीं राजपुत्र एडवर्डचा काळा अश्वारूढ पुतळा होता. १९६५ सालीं तो हलवून भायखळ्यास नेला, तरी नांव राहिलें, आणि २०१७ सालीं स्वाराविनाच एक काळा घोडा तेथें पुनः उभा करण्यांत आला. स्वार गेला व घोडा राहिला, यांतील मर्म मुलांस समजावून सांगण्याजोगें आहे. समोरच छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. याची कोनशिला १९०५ सालीं बसली व तें १९२२ सालीं लोकांस खुलें झालें. मधल्या महायुद्धाच्या काळांत तेथें लष्करी रुग्णालय होतें. सर्व दालनें एका दिवसांत पाहण्याचा हव्यास धरूं नये. दोनच निवडावीं : मूर्तींचें व लघुचित्रांचें. लघुचित्रांत रागमाला म्हणून एक प्रकार आहे. त्यांत एकेक राग किंवा रागिणी माणसाच्या व ऋतूच्या रूपानें रंगविलेली असते. मेघ, मोर व वाट पाहणारी नायिका पाहून आजींनीं खालील पाटी वाचण्यापूर्वींच “हा पावसाळ्याचा राग” म्हणून सांगितलें. नातवानें विचारलें, “मग आमच्या कालच्या गाण्याचें चित्र कसें काढलें असतें?” आजी म्हणाल्या, “काळ्या ढगांत नुसती वीज काढायची. नायिका कानांवर हात ठेवून बसलेली.” सर्वजण हंसले, आणि आमच्या मतें टीकाहि रास्त होती व दादहि.

दुपारीं शेजारच्या जहांगीर कलादालनांत जावें. तें १९५२ सालापासून चालू आहे. प्रवेश विनामूल्य असून पुष्कळदां चित्रकार स्वतः आपल्या चित्रांजवळ उपस्थित असतो. त्याच्याशीं बोलावें. “हें काय काढलें आहे?” असें न विचारतां “येथून आरंभ कां केला?” असें विचारावें, म्हणजे माणूस मोकळा होतो. रस्त्यापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कलादालन आहे. ती इमारत १९११ सालचें कावसजी जहांगीर सभागृह. जेथें एके काळीं सभा व गायन-वादनाच्या मैफली होत, तेथें १९९६ पासून चित्रें लागतात. हें सोमवारीं बंद असतें. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे व गाडे या तरुणांनीं १९४७ सालीं मुंबईंत प्रगतिशील कलावंतांचा संघ स्थापिला. तेव्हां त्यांचीं चित्रेंहि वडिलधाऱ्यांस वेडींवांकडीं वाटलीं होतीं. आज त्यांना राष्ट्राचा ठेवा मानतात. आदल्या रात्रींचें गाणें व हीं चित्रें यांतील नातें येथें मुलांस आपोआप दिसतें. सांगावें लागत नाहीं. एका दालनांत एका चित्रापुढें पांच मिनिटें स्वस्थ उभें राहावें, एवढा एकच नियम पाळावा.

परतीचें भान दुपारीं चारपासूनच ठेवावें. रविवारीं मध्य रेल्वेवर दुरुस्तीकरितां मेगाब्लॉक असतो. त्याच्या वेळा आदल्या दिवशीं पाहून ठेवाव्या, म्हणजे छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसावरून उजेडीं निघून कल्याणास पुढील एस.टी. मिळते. खर्चाचा हिशोब मुलांसच लिहावयास लावावा. तिकिटांचा आंकडा त्यांच्या हातानें लिहिला गेला म्हणजे पुढील वर्षीं कोणता जलसा खरोखर मोलाचा, याचा विवेक त्यांना आपसूक येतो. त्या घरानें पुढील वर्षीं मोठा महोत्सव सोडून काळ्या घोड्याचा विनामूल्य कार्यक्रम निवडला, तो मुलांच्याच सूचनेवरून.

सुज्ञ वाचक म्हणतील कीं याच पैशांत चार चांगलीं पुस्तकें आलीं असतीं. येतील, व तींहि घ्यावींच. परंतु तरुण मुलाच्या आवडीच्या ठिकाणीं त्याच्या शेजारीं उभें राहून, आवडलें तें आवडलें व नावडलें तें नावडलें असें प्रामाणिकपणें सांगण्याचा अधिकार पुस्तकानें मिळत नाहीं. तो बरोबर गेल्यानेंच मिळतो. अभिरुचीचा संस्कार घरांतून व्हावा अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनीं घराचा दरवाजा दोन्ही बाजूंनीं उघडतां येईल असा ठेवावा. त्या घरांतील नातू आतां गुरुपौर्णिमेस तंबोरा लावावयास बसतो. त्याची गिटारहि त्याच खोलींत, त्याच भिंतीस टेकून उभी असते. कोठें जावयाचें झाल्यास तो जागेचें नांव, परतीची गाडी व बरोबरच्या मित्रांचे क्रमांक कागदावर लिहून आजींपाशीं ठेवतो. हें त्यानें आपण होऊन सुरू केलें आहे.